तांबटाच्या कानातला नाद

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. आभाळ राखेसारखं झालेलं आणि उकाडा असा की कावळेदेखील चोच उघडी टाकून गप्प बसलेले. त्यात अवस, म्हणजे अमावास्या. फार जुन्या काळी तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचं एक गाव होतं, तिथली ही गोष्ट. अवसेला हातोडी उचलायची नाही, अशी त्या गावाची रीत. एरवी दिवसभर ठणठण चालायची, त्या दिवशी मात्र सगळी आळी मुकी.

अशा त्या मुक्या दुपारी एक तांबट आपल्या पडवीत टेकून बसला होता आणि त्याला ऐकू आलं. ईंऽऽऽ. बारीक आणि लांबलचक. भांड्यावर टोला मारला की मागे जो नाद उरतो ना, तसा. पण तो नाद विरतो. हा विरेना.

तांबट दचकला. समोर त्याची अर्धी घडवलेली भांडी पडली होती, तोंडं वर करून. ते बघून तो ताडकन उठला. कारण तांबटांमध्ये एक समज होता. अवसेला रिकामं भांडं उताणं ठेवू नये, त्यात काहीतरी येऊन बसतं. मग ते भांडं न वाजवता घुमतं, आणि ज्याला ते ऐकू येईल त्याच्या घरातलं माणूस जातं.

घरात माणसं किती? तो, त्याची बायको आणि नुकती धावायला शिकलेली ठकू.

त्याने धावत जाऊन उचलतील तेवढी भांडी पालथी घातली. कडांखाली चिंध्या कोंबल्या. नाद थांबला नाही.

बायको म्हणाली, "अहो, मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुला कसं येईल? ज्याच्यासाठी असतं त्यालाच येतं," तांबट म्हणाला.

त्या दिवसापासून त्याचं एकच काम झालं. सकाळी डोळा उघडला की आधी कान लावून बघायचं, आहे का? असायचाच. घास तोंडात घेतला की थांबायचं, आहे का? आहेच. जितका तो कान लावी, तितका नाद मोठा होई. जितका मोठा होई, तितका तो भिई.

मग त्याला बाकीचे आवाजही सोसेनासे झाले. त्याने हातोडी ठेवून दिली. बायकोला मुसळाने कांडू देईना. कोंबड्या सासुरवाडीला धाडल्या. शेजारच्या म्हाताऱ्या तेलीकाकाकडे जाऊन म्हणाला, "काका, तुमचा घाणा जरा बंद ठेवता का? त्याची करकर डोक्यात जाते."

तेलीकाका म्हणाला, "घाणा बंद करून बैलाला बसल्या जागी वैरण घातली, तर तो मला नोकरच समजायला लागेल रे! तुझ्या घरात काय सुतक आहे? ठणठण नाही, बोलणं नाही."

तांबट परत आला. दारातच ठकू छुमछुम करत त्याच्या पायाशी आली. तिच्या पायातल्या वाळ्यांना बारीक घुंगरं होती. ती छुमछुम त्याला हुबेहूब त्या नादासारखी वाटली.

"काढ ते वाळे."

"अहो, असू द्या की," बायको म्हणाली. "मी चुलीपाशी असते. पोर कुठे आहे ते मला तेवढ्यावरून तर कळतं."

"काढ म्हणतो ना!"

तिने काढले. ठकू आपल्या रिकाम्या पायांकडे बघत राहिली.

पुढची अवस आली. पुन्हा तसंच पडलेलं वारं. बायको नदीवर धुणं घेऊन गेली होती. तांबटाने कानात कापसाचे बोळे ठासले. बाहेरचं सगळं बंद झालं आणि आतला नाद घर भरून उरला. कुठून येतो? त्याची नजर फिरत फिरत कोपऱ्यावर थांबली.

तिथे देवळाच्या भंडाऱ्यासाठी घडवायला घेतलेला थोरला हंडा आडवा पडला होता. जड म्हणून तेवढाच पालथा घालायचा राहिला होता. त्याचं काळं तोंड तांबटाकडेच होतं.

"इथे बसलंय होय!" तांबटाने डोळे गच्च मिटले आणि हंड्याला खांदा लावला. सगळं बळ एकवटून त्याने तो तोंडावर पालथा केला. आत काहीतरी धपकन आपटलं. आणि मग कापसाच्या बोळ्यांतूनही पोचेल असा दबका आवाज आतून यायला लागला. ढुब. ढुब ढुब.

त्याने हंड्यावर पोती टाकली. वर पेंढा टाकला. आणखी पोती टाकली. मग दाराशी जाऊन डोकं गुडघ्यांत घालून बसला.

थोड्या वेळाने कुणीतरी त्याचा खांदा गदागदा हलवला. तेलीकाका होता. त्याने तांबटाच्या कानातला कापूस ओढून काढला. "बहिरा झालास काय? ठकू कुठाय? रोज या वेळेला माझ्याकडे मूठभर तीळ मागायला येते. आज आली नाही."

तांबट उठला. पाळणा रिकामा. परसात कुणी नाही. तो विहिरीकडे धावला, आत डोकावला. पाणी निवांत होतं. "ठकूऽऽ! ठकूऽऽ!" पोर या वाटेने गेली की त्या, कुणाला ठाऊक? ज्याने कळलं असतं ते त्याने स्वतःच काढून ठेवलं होतं.

"ओरडू नकोस," तेलीकाका म्हणाला. "उभा राहा आणि ऐक. माझे कान म्हातारे, तुझे अजून धड आहेत."

"काय ऐकू, काका? माझ्या कानात ते वाजतंय!"

"वाजू दे. त्याच्या पलीकडचं ऐक."

तांबट उभा राहिला. ईंऽऽऽ, नाद होताच. त्याने पहिल्यांदाच त्याला जागा दिली, आणि त्याच्या पलीकडे कान टाकला. माशी घोंगावत होती. लांब कुठेतरी गाय हंबरली. आणि त्याच्याही खाली, अगदी बारीक, थकलेलं: ढुब.

कोपऱ्यातून. त्या हंड्यातून.

ते तेच असलं तर? हात लावला आणि ते बाहेर आलं तर? पण ठकू असली तर? तो पुढे झाला. पोती फेकली, पेंढा उधळला, आणि ज्या तांब्याची त्याला जगात सगळ्यात जास्त भीती वाटत होती, त्यालाच कान लावला.

आतून हुंदका आला. "आबा..."

दोघांनी मिळून हंडा उचलला. उकाड्यात गार तांब्याला पाठ लावून पोर आत निजली होती, ती तशीच खाली सापडली. घामाने निथळत होती. रडून रडून आवाज बसला होता, ओठ काळवंडले होते. तेलीकाकाने तोंडावर पाणी मारलं, उपरण्याने वारा घातला. ठकूने एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा, आणि बापाची मिशी मुठीत घट्ट धरून ती पुन्हा रडायला लागली. तांबटही रडला. घरातलं माणूस न्यायला बाहेरचं कुणी आलंच नव्हतं. तिचा जीव जायची वेळ आणली होती ती त्याने स्वतःच.

बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "काका, तो नाद अजून आहे."

"असणारच. लहानपणापासून कानाशी ठणठण घेऊन बसलायस, कानाने थोडी ठेवून घेतली. मघाशी पोर शोधताना होता की नाही?"

"होता. पण तेव्हा मला त्याची भीती नाही वाटली. वेळच नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्या घरातून पुन्हा ठणठण ऐकू आली. नाद काही गेला नाही, तांबट म्हातारा झाला तरी सोबतच होता. कधी मोठा, कधी बारीक, आणि कित्येक दिवस तर तो आहे हेच तांबटाच्या ध्यानात यायचं नाही.

आता याचं तात्पर्य मी वेगळं काय सांगू? त्या दिवशी गुडघ्यांवर हात ठेवून उठता उठता तेलीकाका जे बोलला, तेच: "वाजतंय ना, वाजू दे रे. राहायचं तर राहील बापडं कोपऱ्यात. तू त्याला पाट मांडून पुढ्यात बसू नकोस."