कोटाची उलटी बाजू

"या शिंप्याला गाढवावर बसवा आणि हद्दीबाहेर सोडा!" चिंचगडचे महाराज गरजले.

सटवाजी शिंपी हात जोडून उभा होता. त्याचा गुन्हा? इंग्रज साहेबाचं पत्र आलं होतं : 'तुमच्या दरबारात एक टर्नकोट आहे. सावध राहा!' दरबारात इंग्रजी येत होतं फक्त कारभारी रंगरावांना. त्यांनी अर्थ सांगितला, "टर्न म्हणजे उलटणं, कोट म्हणजे कोट. कोट उलटवणारा, महाराज!"

आणि मागच्याच महिन्यात सटवाजीनं महाराजांचा विटलेला कोट उसवून, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवला होता!

"तुम्हीच सांगितलंत ना, महाराज?"

"सांगितलं! पण डावीकडचा खिसा उजवीकडे गेला! महिनाभर रुमाल शोधतोय मी!"

सटवाजीची मुलगी ठकी पुढे आली. बापाच्या कोटांना काजं करायची ती तीच. म्हणाली, "महाराज, एका शिंप्यासाठी साहेब कशाला शाई खर्च करील? टर्नकोट दुसराच कुणीतरी आहे."

"मग दाखव! पण कुणाच्या कोटाला बोट लावायचं नाही. दहा मोजतो. एक... दोन..."

सगळ्यांचे कोट पिवळे, चिंचगडच्या रंगाचे. रंगरावांच्या कोटाची कड मात्र जराशी दुमडली होती. आतल्या बाजूनंही काज अगदी सुबक! आतलं काज कोण एवढं सजवतं?

"आठ... नऊ..."

ठकी खिडकीशी धावली आणि किंचाळली, "अगं बाई! दुश्मन बोरगडची फौज वेशीत शिरली!"

सेनापती खांबामागे गेले. महाराज सिंहासनाखाली गेले. रंगरावांनी झटकन कोट काढला, उलटा केला, घातला, बटणंही लावली. आतून निळाशार! बोरगडचा रंग!

"बोरगडच्या महाराजांचा विजय असो!" ते ओरडले.

सेनापतींनी खांबामागून डोकं बाहेर काढलं.

"फौज कुठाय?" सिंहासनाखालून आवाज आला.

"फौज नाही, महाराज. टर्नकोट आहे, बाजू बदलणारा फितूर! बाबांनी तुमचा कोट उलटवला, तोही तुम्ही सांगितलंत म्हणून. यांनी स्वतःचाच उलटवला, कुणी न सांगता! साहेबाच्या देशातही कुणीतरी हरणाऱ्या धन्याचा रंग असाच आत लपवला असेल. त्याशिवाय असा शब्द निघतो का?"

महाराज इतके हसले की डोकं सिंहासनाला आपटलं. सटवाजीसाठी आणलेल्या गाढवावर रंगराव बसले.

"पोरी, ही घे मोत्यांची माळ!" महाराजांनी डावीकडे हात घातला. चाचपला. पुन्हा चाचपला.

"उजवीकडे, महाराज!"