निसटलेली चप्पल

एकदा एक कापडाचा व्यापारी शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात आला. मधुमेह जुना आणि भीती त्याहून मोठी. "डॉक्टर, जाग येईल आणि श्वासच घेता येणार नाही, असं तर व्हायचं नाही ना?" त्याने वृद्ध भूलतज्ज्ञांना विचारले.

वृद्धांनी धीर देण्याऐवजी उलट विचारले, "शेटजी, चालताना पायातली चप्पल निसटली तर कळतं?"

"कुठलं कळतंय! परवा देवळातून एक पाय अनवाणीच घरी आलो. बायको ओरडली तेव्हा समजलं."

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या शिष्येला हसू आवरेना. मरणाला भ्यालेल्या माणसाशी चपलेच्या गप्पा! वृद्ध मात्र गंभीर झाले. "तुम्ही स्वतः श्वास घेऊ लागेपर्यंत मी तुमच्यापासून हलणार नाही," ते म्हणाले.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. स्नायू सैल करणाऱ्या औषधावर उतारा दिला गेला. काही वेळाने व्यापाऱ्याने डोळे उघडले. शिष्येने घड्याळ पाहिले आणि घशात घातलेली श्वासाची नळी काढायला हात पुढे केला. वृद्धांनी तो घट्ट धरला.

"सर, वेळ झालीय की!"

"शेटजी, डोकं उचला."

डोके उशीवरून सुटेना. बोटे थरथरली, पण मूठ वळेना. त्याची सगळी भीती उघड्या डोळ्यांत येऊन थांबली होती. "घाबरू नका, यंत्र श्वास देतंय, मी इथंच आहे," असे कानाशी सांगत वृद्धांनी त्याला पुन्हा निजवले. शिष्या भीतीने गारठून गेली. नळी निघाली असती तर?

"मन जागं होतं, पण स्नायू मागे राहतात," वृद्ध म्हणाले. "जुन्या मधुमेहात नसा थकतात. चप्पल गेल्याचा निरोप ज्याला पोचत नाही, त्याच्या देहात स्नायू सैल करणारं औषधही कधी कधी रेंगाळतं. मनगटावर नसेला हलके झटके देणारं यंत्र लावून अंगठा कसा उडतो ते तू पाहिलंस का? नाही. तू घड्याळ पाहिलंस. अगं, माणूस स्वतःचा श्वास आपल्या हवाली करून झोपतो. तो परत देताना घाई कसली?"

ते यंत्र लावून दोघे त्याच्या अंगठ्याकडे पाहत बसून राहिले. अंगठा जोमाने उडू लागला. पुढे व्यापारी जागा झाला, त्याने डोके उचलून धरले आणि वृद्धांचा हात असा दाबला की ते कळवळले. मग नळी निघाली. त्याने नळीशिवाय पहिला श्वास घेतला आणि तो रडू लागला.

दुसऱ्या दिवशी नवा रुग्ण आला. शिष्येने आधी त्याच्या पायांकडे पाहिले. "काका, चप्पल निसटली तर कळतं का हो?"

या वेळी तिला हसू आले नाही. उत्तर मिळेपर्यंत ती थांबली.