वेताळाच्या फळीवर जागा नव्हती

"बाबा, घरात बार मांडायचा तर नवख्या माणसानं सुरुवात कशानं करावी?"

विचारलं दिगंबर साळोख्यानं, आणि कुणाला, तर सोमगीर बाबांना. बाबांनी जन्मात थेंब चाखलेला नाही. पण टेकडीवरच्या वेताळाला नैवेद्य बाटलीचा, आणि त्या वेताळाची दिवाबत्ती बाबांकडं. नवसाची देशी येई, विलायती येई. देवामागची फळी बारा महिने गच्च. दिगंबरचा हिशोब सरळ होता. एवढ्या बाटल्या ज्याच्या हाताखालनं गेल्या, त्याला नाही कळणार तर कुणाला?

बाबा समई पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तू काय काय ठरवलंयस?"

दिगंबर तयारीनंच आलेला. कोल्हापुरात स्वतःची फाउंड्री, नवा बंगला, हॉलमध्ये शिसवी फळी ठोकलेली, तिच्यावर पिवळे दिवे. त्यानं अंगणातले खडे वेचले आणि पायरीवर ओळीनं मांडायला बसला.

"ही व्हिस्की, मधोमध. ही रम, थंडीची. ही जिन, ही व्होडका. वाइन एक लाल, एक पांढरी. कडेला सोडा आणि बर्फाचं भांडं."

खड्याला खडा भिडला. मुंगी जायला वाट राहिली नाही.

"झक्क," बाबा म्हणाले. "पिणार कोण?"

"रविवारी दादाला बोलावलंय."

दादा म्हणजे थोरला भाऊ, चंदगडच्या डोंगरात काजूची बाग राखणारा. बाप गेल्यावर दिगंबरला त्यानंच शिकवलं, उभं केलं. पण वास्तुशांतीनंतर त्यानं या बंगल्याचा उंबरा ओलांडला नव्हता. आणि आता वैशाखात दिगंबरच्या लेकीचं लग्न. पोरगी चुलत्यासाठी हटून बसलेली, थोरले आबा मांडवात नसतील तर मी बोहल्यावर चढायची नाही.

"रुसला कशानं?"

दिगंबर हसला. "काही नाही ओ. वास्तुशांतीचं सगळं आटोपलं, चार साहेब लोक बसलेले, आणि यानं पिशवीतनं बाटली काढली. बागेतल्या काजूची, घरी गाळलेली. सरबताची जुनी बाटली, तोंडाला फडक्याचा बोळा, वास घरभर. मग मी ती आत नेऊन ठेवली. मोरीत."

"मोरीत कुठं?"

"फिनेलशेजारी... तेवढीच जागा होती."

बाबांनी समई खाली ठेवली.

"आणि आता ही फळी बघून तो निवळेल म्हणतोस."

"निवळणारच. असली फळी आमच्या सात पिढ्यांनी बघितली नाही."

"बरं. देवाला काय आणलंस?"

याचीच वाट बघत होता गडी. मखमली पिशवीतनं त्यानं बाटली काढली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. दुबईहून आणलेली, सील न फोडलेली, वर्षानुवर्षं कपाटात जपलेली.

बाबांनी ती एका हातानं घेतली. फळीकडं एकदा बघितलं. मग बाहेर गेले, खराट्याशेजारी, चपलांच्या गर्दीत ती ठेवली, आणि परत येऊन समई पुसू लागले.

दिगंबरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बाबा, ती देवाची आहे."

"असू दे की."

"लांबनं आणलीय. जपून ठेवलेली."

"चांगलं केलंस."

"तिथं चपला आहेत, बाबा..."

"फळी भरलीय रे. तेवढीच जागा होती."

...

वाऱ्यानं घंटा हलली, वाजली नाही.

दिगंबर बाहेर बघत राहिला. पालथ्या पडलेल्या एका चपलेला ती बाटली टेकली होती. बघता बघता त्याला दादाचे हात दिसले, काजूच्या चिकानं काळे पडलेले. एसटीतनं उतरताना दादानं ती सरबताची बाटली पिशवीसकट पोटाशी धरली होती. म्हणाला होता, "बोळा सैल आहे, म्हणून सबंध वाट मांडीवर घेऊन बसलो." आणि मोरीतनं दिगंबर हात धुऊन आला, तेव्हा दादा त्याच्या हातांकडं बघत होता. मग पानावर बसला. जेवलासुद्धा नीट.

...

दिगंबर पायरीवर बसला. मधोमध ठेवलेला व्हिस्कीचा खडा त्यानं उचलला आणि खिशात टाकला. पायरी जरा उतरती. बाजूचा खडा घरंगळून त्या जागेत यायला लागला, तसं त्यानं बोट आडवं धरलं. धरूनच ठेवलं.

"इथं काय ठेवू, बाबा?"

बाबांनी वात सारली, काडी ओढली, ज्योत स्थिर होईपर्यंत थांबले.

"ते तू आणायचं नाहीस."