सगुणाचा अंगठा

दसऱ्याला इनामदारांच्या ओसरीवर पंतोजी मुलांकडून पाटीपूजन करून घेत आणि त्याच दिवशी शिकवणी सुरू होई. विधवा म्हाळसा आपल्या सहा वर्षांच्या सगुणाला घेऊन तिथे गेली, तेव्हा इनामदार सगळ्यांदेखत हसले.

"अगं, एवढ्याशा पोरीला काय शिकवतेस? दहा वर्षांची होईपर्यंत मुलीला कसली समज नसते. पंतोजी, हिला बसवू नका."

म्हाळसा लेकीला घेऊन वळली. तोच कारभाऱ्याने शाई आणि एक कागद पुढे केला.

"थांब," इनामदार म्हणाले. "हिच्या बापाची आमराई आता आम्ही घेतोय. वारस हीच, तेव्हा हिचा अंगठा उठवून जा."

म्हाळसाने लेकीची मूठ घट्ट धरली. "सरकार, दहापर्यंत समज नसते, हे आत्ताच साऱ्या गावाने तुमच्या तोंडून ऐकलं. मग समज नसलेल्या पोरीचा अंगठा कसा चालेल? चार वर्षं थांबा. नाहीतर आजच तिला शिकायला बसवा, कागद वाचून ती काय ते ठरवील."

ओसरीवर कुणीतरी खाकरलं. इनामदारांनी कागद गुंडाळला. "दहाची झाली की आण," एवढं बोलून ते आत गेले.

आमराई राहिली. पण घरी जाताना सगुणाने विचारलं, "आये, मला खरंच काही समजत नाही?"

म्हाळसाने तिला कडेवर उचललं. "समजतं गं, पण दहाची होईपर्यंत हे कुणाला सांगू नकोस."