अक्कांचं पान

"मग आवाज गेला कुठे, बुवा?"

हेरंबनं हे चौथ्यांदा विचारलं. बुवा पत्रावळी पुसत बसले होते.

"बारा दिवस शोधतोय. सातही ठिकाणं तपासली. टॉवर ठीक, तारा ठीक, यंत्रं ठीक. एकही गोष्ट बिघडलेली नाही. आणि तरी..."

"तरी अक्का गेली," बुवा म्हणाले.



मी मठाचा आचारी. चूल आणि खीर एवढंच माझं राज्य. त्या यंत्रांतलं मला ओ का ठो कळत नाही. पण हे सगळं माझ्या स्वयंपाकघराच्या दारात घडलं, म्हणून सांगतो. आणि खरं सांगायचं तर, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचा सावरघळचा थोरला मठ, आणि डोंगरापलीकडच्या दऱ्यांत विखुरलेले सात धाकटे मठ. तिकडे मोबाइलला रेंज नाही. हेरंब पुण्यातली मोठी नोकरी सोडून बुवांकडे आला. आल्याच्या वर्षी त्यानं डोंगरमाथ्यांवर टॉवर उभे केले आणि प्रत्येक मठात एक यंत्र, एक स्पीकर बसवला. रोज सकाळी नरहरबुवा इथं पाव तास बोलत. सातही मठांत त्याच क्षणी ऐकू जाई.

पोरगा हुशार, यात वाद नाही. पण हुशारीचा वास त्याच्या अंगाला फार यायचा.

"बैलगाडीचं चाक बघा," तो मला शिकवायचा. "मधे तुंबा, म्हणजे थोरला मठ. भोवती आरे, म्हणजे बाकीचे. बुवांचा आवाज सात वेळा पाठवायचा नाही. एकदाच पाठवायचा. ज्याला हवा त्याच्याकडे तुंब्यातून फाटा फुटतो. मल्टिकास्ट म्हणतात याला."

"आणि आऱ्याला आऱ्याशी बोलायचं असलं तर?"

"कशाला बोलायचंय त्यांना?"

मी भात ढवळायला गेलो.

वेळशेतच्या मठाकडून दोनदा चिठ्ठी आली होती, एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून. 'बुवांचा आवाज मधेच जातो. मिनिटभरानं येतो. बघावे.' हेरंबनं पडद्यावर पाहिलं आणि चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं, 'इथे सगळं ठीक दिसतंय.' दोन्ही वेळा तेच.

त्या वेळशेतला गिरिजाक्का होत्या.

नऊ वर्षांचे नरहरबुवा मठात आले ते अनवाणी, उपाशी. त्यांना पहिला घास अक्कांनी भरवला. अक्कांचं वय तेव्हा एकोणीस. पुढे नरूचे नरहरबुवा झाले, गादीवर बसले. त्याच साली दुष्काळ पडला. अक्कांनी नैवेद्य व्हायच्या आधीच भाताचं पातेलं रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायकांपुढे नेऊन ठेवलं. नव्या गादीचा नवा ताठा! बुवांनी भर पंगतीत अक्कांना उठवलं. दीडशे माणसांसमोर. अक्का हात धुऊन उठल्या, वेळशेतला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. चाळीस वर्षं.

वेळशेतला एसटी रोज जाते. बुवा कधी चढले नाहीत.

मग गेल्या महिन्यात निरोप आला, अक्कांचं काही खरं नाही. बुवांचे गुडघे तोवर गेलेले. त्यांनी हेरंबला बोलावलं.

"माझा आवाज तिच्या खाटेशी नक्की पोचेल?"

"शंभर टक्के, बुवा."

"सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे. उठवलं पंगतीत, तर माफीही पंगतीत."

त्या सकाळी मी सभागृहात होतो. बुवांनी नेहमीचं बोलणं केलं. मग थांबले. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अक्का, ऐकतेस का?" ते म्हणाले.

आणि मग ते बोलले, "त्या दिवशी पंगतीतून उठायला मीच हवा होतो, अक्का. तू भुकेलेल्याला वाढलंस, आणि मी तुला उपाशी उठवलं. मला पहिला घास देणाऱ्या हाताला मी..."

पुढे त्यांना बोलवेना. बराच वेळ बोलवेना. आम्ही सगळे रडत होतो, माझ्यासारखा दगडसुद्धा. शेवटी ते म्हणाले, "एवढंच सांगायचं होतं."

अक्का दुपारी गेल्या. निरोप संध्याकाळच्या एसटीनं आला. त्यांची सेवा करणारी सगुणाबाई स्वतः आली आणि पायरीवरच बसली.

"स्पीकर खाटेशी ठेवला होता," ती म्हणाली. "'अक्का, ऐकतेस का' ऐकू आलं. अक्कांनी मान वर केली. इतके दिवस उचलली नव्हती हो... आणि आवाज गेला. मग एकदम आलं, 'एवढंच सांगायचं होतं.'"

बुवा भिंतीला धरून उभे होते.

"दुपारपर्यंत एकच विचारत होत्या," सगुणाबाई म्हणाली. "'मधे काय म्हणाला गं नरू?' मला तरी काय ठाऊक? मी काय सांगणार?"

हेरंबनं पडदा उघडून पाहिलं. एक्कावन्न सेकंदांचा खंड. फक्त एक्कावन्न.

ते 'फक्त' त्याच्या तोंडून निघालं आणि त्यानंच जीभ चावली. तेव्हापासून तो नीट जेवला नाही.

आज अक्कांचं तेरावं. सात मठांतून सात माणसं आली, अंगणाभोवतीच्या सात ओवऱ्यांत, म्हणजे खोल्यांत, उतरली. सकाळी ती पाय धूत असताना कासारमाळचा गणू गुरव गप्पांच्या ओघात बोलून गेला, "त्या दिवशी बुवांचं बोलणं पुरतं ऐकायला मिळालं नाही बघा. आमचा बैल सुटला. 'अक्का, ऐकतेस का' झालं आणि मी यंत्र बंद करून पळालो."

बुवांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग पत्रावळी पुसायला बसले.

आणि आता हेरंब पुन्हा विचारत होता, "आवाज गेला कुठे?"

बुवांनी पत्रावळी माझ्याकडे दिल्या.

"आज पंगत अंगणात नको. ज्याचा त्याचा पाट ज्याच्या त्याच्या ओवरीत मांड. दारं लावून घे."

मला वाटलं, म्हातारा दुःखानं चळला. सात ओवऱ्यांत सात पानं? तेराव्याला? पण शब्द त्यांचा. मांडली. अंगणात एकच पान राहिलं, तुळशीपाशी, अक्कांच्या नावाचं.

"हेरंब, खीर तू वाढ," बुवा म्हणाले. "मठाची रीत ठाऊक आहे ना?"

"आहे."

रीत जुनी आहे. खिरीच्या फेरीत कुणी 'पुरे' म्हणालं की वाढप्यानं तिथंच थांबायचं, तीन श्वास. दुसऱ्या कुणाला हवी असेल तर त्यानं 'चालू द्या' म्हणायचं. कुणीच बोललं नाही तर भांडं आत. मागाहून मागायचं नाही. अन्न वाया जाऊ नये आणि हावही वाढू नये, म्हणून कुण्या जुन्या बुवांनी घालून दिलेली. चाळीस पानांच्या पंगतीत 'चालू द्या' म्हणणारा कुणीतरी निघतोच. बहुतेक वेळा तो मीच असतो.

हेरंबनं बादली उचलली. दारोदार जाऊन पहिलं ओगराळं वाढलं. दार उघडायचं, वाढायचं, लोटून घ्यायचं. दुसऱ्या फेरीला कासारमाळच्या ओवरीपासून सुरुवात केली.

"पुरे, पुरे," आतून गणू गुरव म्हणाला. "पोट भरलं."

हेरंब अंगणात येऊन उभा राहिला. तीन श्वास थांबला. सहाही दारं लागलेली. अंगणात फक्त चिमण्या.

तो बादली घेऊन माझ्याकडे आत आला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. कासारमाळचे पुरे म्हणाले."

"आणि बाकीचे?"

"कुणीच काही बोललं नाही."

"अरे, त्यांना ऐकू तरी..."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. कारण पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. बादली त्यानं जमिनीवर ठेवली, पण कडी हातातून सुटेना.

बुवा काठी टेकत वेळशेतच्या ओवरीशी गेले आणि दार ढकललं.

सगुणाबाई पानावर बसली होती. रिकामा द्रोण हातानं पुढे सरकवून.

"दुसरी खीर येणार होती ना?" ती संकोचून म्हणाली. "म्हटलं, वाट बघावी."

हेरंब बादली सोडून दाराशी आला.

"तीन सेकंद..." तो म्हणाला. "बुवा, ते यंत्रही असंच तीन सेकंद थांबतं. एकानं पुरे म्हटलं की बाकी कुणी 'मला हवंय' म्हणतं का, ते बघायला. सगळी यंत्रं एका खोलीत असली तर एकमेकांचं ऐकतात आणि लगेच ओरडतात. पुण्याला ऑफिसात तसंच होतं. इथं मधे डोंगर आहेत. आऱ्याला आऱ्याचं ऐकूच येत नाही. कासारमाळ बंद झालं आणि तुंबा समजला, सगळ्यांचंच पुरे झालं. बाकीच्या मठांना वाटलं, बुवाच थांबलेत. मग मिनिटभरात प्रत्येक यंत्र आपली नेहमीची आठवण देतं, मी आहे म्हणून, आणि आवाज परत... तोवर..."

त्यानं सगुणाबाईच्या रिकाम्या द्रोणाकडे पाहिलं.

"मी एकेक मठ वेगळा तपासला. वेगळा वेगळा सगळा ठीकच होता. त्यांनी दोनदा लिहून कळवलं होतं, बुवा! मी इथं बसून त्यांना सांगितलं की तुम्हाला ऐकू येतंय."



हेरंब उठून यंत्राच्या खोलीत गेला. मी बादली घेऊन उरलेल्या सहा दारांशी गेलो आणि वाढलं. रीत गेली खड्ड्यात. सगुणाबाईला दोन ओगराळी जास्त घातली.

हेरंब परतला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते.

"एका ओळीचं काम होतं," तो म्हणाला. "आता तुंबा प्रत्येकाचं हवं-नको वेगळं लक्षात ठेवील. एकाच्या पुरेनं दुसऱ्याचं बंद होणार नाही. एक ओळ, बुवा. पहिली चिठ्ठी आली तेव्हाच मी वेळशेतला जाऊन बसलो असतो, तर..."

"बस," बुवा म्हणाले. "तू तिचं एक मिनिट घालवलंस. मी चाळीस वर्षं घालवली. तुझ्या वाटेत डोंगर तरी होते. माझ्या वाटेत काय होतं रे?"

हे म्हणताना त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना पन्नास पावसाळे ओळखतो. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

हेरंबनं त्यांचे पाय धरले.

"आता सातही मठांत नक्की जाईल. उद्या सकाळी पुन्हा बोला, बुवा. तेच शब्द बोला. सगळे ऐकतील."

बुवांनी पाय सोडवून घेतले. माझ्या हातातली बादली घेतली. गुडघ्यांनी दगा दिलेला माणूस, पण अंगण ओलांडून तुळशीपाशी गेला आणि अक्कांच्या पानासमोर जमिनीवर बसला. आम्ही दोघं मागोमाग गेलो.

त्यांनी द्रोणात एक ओगराळं खीर वाढली. थांबले. एक श्वास... दोन... तीन.

दुसरं वाढलं. द्रोण काठोकाठ भरला. पुन्हा तीन श्वास.

तिसरं वाढलं. खीर द्रोणातून पत्रावळीवर आली. चौथं. भात बुडाला, मिठाची कड बुडाली. ओवऱ्यांची दारं एकेक करून उघडली आणि माणसं उंबऱ्यांत येऊन उभी राहिली. सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला.

पाचवं. खीर पत्रावळीवरून फरशीवर वाहायला लागली, बुवांच्या धोतराशी आली. बादलीत ओगराळं पुन्हा बुडलं.

हेरंबला ते पाहवेना. त्यानं वाकून बुवांचं मनगट धरलं.

"बुवा... पुरे."

बुवांनी त्याच्याकडे वर पाहिलं. ओगराळं हवेत तसंच. आम्ही सगळे ऐकत उभे होतो. एक श्वास... दोन... तीन.

"ती म्हणाली का?"