चाळीस आणि चाळीस

"पण बाई, चौसष्टच्या जागेत कुणी दोनशे अक्षरं कोंबेल, हे माझ्या ध्यानीमनी तरी येणार होतं का?"

दिगंबर फडतरे हे तिसऱ्यांदा विचारत होता. चांगला चाळिशीचा बाप्या, पुण्याहून गाडी हाणत थेट कराडला आलेला, आणि बाईंच्या खोलीत बूट घालूनच येरझाऱ्या घालत होता.

कमलिनीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली, दिगंबरलाही. वर्गात कुणी नुसतीच मान डोलावतोय असं दिसलं, की बोलणं तोडून विचारायच्या, "काय सांगितलं मी आत्ता?" भल्याभल्यांची बोबडी वळायची. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते.

"बूट काढ," त्या म्हणाल्या. "वाजतायत."

त्यानं काढले.

गोष्ट म्हटली तर एवढीशी. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यात बाहेरून आलेला निरोप उतरवून घ्यायचं काम दिगंबरच्या कोडचं. त्यासाठी आत चौसष्ट अक्षरांची जागा. निरोप म्हणायचा, मी इतका लांब आहे. कोड म्हणायचा, बरं, आणि उतरवायला लागायचा. मावतोय का, हे बघायचाच नाही. अकरा वर्षं काही बिघडलं नाही. मग कुणा हरामखोरानं मुद्दाम लांबलचक निरोप धाडला. तो शेजारच्या जागेत सांडला. मशिनचा मालक कोण, हे नेमकं तिथेच लिहिलेलं. ते पुसलं गेलं आणि पाठवणाराच मालक होऊन बसला.

एका इस्पितळातली डायलिसिसची मशिनं याच कर्नेलवर चालायची. गेल्या मंगळवारी सगळी बंद पडली. शेवंताबाई गुरव, वय चौपन्न, गुरुवारी गेल्या. बातमीचं कात्रण दिगंबरच्या खिशात होतं, काढून काढून मऊ झालेलं.

"दुरुस्ती केलीस?"

"केली. एक ओळ, बाई. फक्त एक ओळ! आज चार वाजता मशिनं सुरू करतायत. माझ्या शब्दावर, तपासणी मागाहून."

"मग इथे कशाला आलास?"

...

तो आला होता एकच वाक्य ऐकायला. बाळा, तुझा दोष नाही. जगात दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याला पटलं नसतं. आणि बाई होत्या की लसणीतून डोकं वर काढेनात! त्याला रागच आला.

"कोडखाली दोन नावं आहेत, बाई."

हे खरं होतं. कर्नेलमध्ये एक ओळ घालायची तरी दोन नावं लागतात, लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं.

"लिहिणारा मी, तपासणाऱ्या तुम्ही. कमलिनी सोनटक्केंनी माझ्या कोडमध्ये एक चूक काढली नाही, हे मी अकरा वर्षं गावभर सांगत फिरलोय. फ्रेम करून लावलंय घरात! तुम्हाला कसं नाही दिसलं? तेव्हा तर डोळे होते तुम्हाला."

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

बाईंचा हात थांबला.

"मी वाचलंच नव्हतं, दिगंबर."

...

"तुझं होतं ना," त्या म्हणाल्या. "म्हणून वरवर पाहिलं आणि नाव घातलं."

दिगंबर खाली बसला. शेवंताबाई गेल्या तेव्हासुद्धा त्याला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. त्या एका नावावर त्यानं नोकऱ्या मिळवल्या होत्या, मीटिंगमध्ये लोकांची तोंडं बंद केली होती. त्या नावाखाली काहीच नव्हतं.

"मी सोडतो हे सगळं," तो नाक पुसत म्हणाला. "माझा हात लागेल तिथे माणूस मरायचं."

"सोड. आधी वाच."

"काय?"

"तुझा कोड. लॅपटॉप काही गाडीत ठेवून आला नसशील. मोठ्यानं वाच. ओळ आणि तिचा अर्थ."

त्यानं घड्याळ पाहिलं. साडेतीन. नाइलाजानं उघडलं आणि भराभरा वाचायला लागला.

"सावकाश. तुझी एसटी सुटत नाहीये."

"निरोप अख्खा आला, तर त्याची लांबी घे. चौसष्टहून जास्त असेल तर परत पाठव. ही नवी ओळ, बाई."

"हं. पुढे."

"निरोप तुकड्यांनी आला, तर पहिला तुकडा घे. त्याच नव्या ओळीनं लांबी बघ. चौसष्टच्या आत असेल तर उतरव."

"हं."

"दुसरा तुकडा घे. लांबी बघ. चौसष्टच्या आत असेल तर पहिल्याला चिकटवून उतरव. मग..."

"थांब. पहिला तुकडा चाळीसचा आला. घेशील?"

"घेईन. चौसष्टच्या आत आहे."

"दुसरा चाळीसचा आला. घेशील?"

"घे..."

...

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुणीच उठलं नाही.

"ऐंशी," दिगंबर म्हणाला.

दुसरीतल्या पोराला जमेल अशी बेरीज. ती त्यानं अकरा वर्षांपूर्वी केली नव्हती, आणि या आठवड्यातही केली नव्हती. तुकडे एकेक करून मोजले, एकत्र मोजलेच नाहीत. भोक बुजवलं म्हणून सांगून आला होता, आणि शेजारीच दुसरं आ वासून बसलेलं.

चारला बारा मिनिटं कमी होती. त्यानं इस्पितळात फोन लावला.

"मशिनं सुरू करू नका."

"साहेब, पेशंट येऊन बसलेत. सकाळपासून बसलेत. तुम्हीच म्हणालात ना, की..."

"मी म्हणालो होतो. चुकलो. नका सुरू करू. दुसरीकडे न्या त्यांना."

"दुसरीकडे म्हणजे दोन तासांचा रस्ता आहे, साहेब. त्यातल्या एका आजोबांना धाप लागलीय. काय सांगू मी त्यांना?"

"नका सुरू करू," दिगंबरनं पुन्हा तेच सांगितलं. पलीकडच्यानं फोन ठेवून दिला.

स्क्रीनवर ओळी होत्या, वर आणि खाली, हजारो. सगळ्या त्याच्या.

"बाई, आणखी किती असतील?"

कमलिनीबाईंनी ताट बाजूला सारलं. पदराला हात पुसले. आवाज आला त्या दिशेला तोंड केलं.

"पहिल्या ओळीपासून वाच. आणि मी नुसतीच हं-हं करतेय असं वाटलं, तर तिथेच थांब. विचार मला, बाई, काय वाचलं मी आत्ता?"