ढालेवाडीची गाडी

"मन लागत नसेल तर काय करायचं, मास्तर?"

याकूबमास्तर खुर्ची पुढं ओढून बसले. ते समोरच्या छोट्या लाकडी देखाव्याकडं बघत होते.

मिरजेतल्या त्यांच्या पडवीत, टेबलावर, हेरंबनं तो वाटेत थांबून, टेंपोतून नुकताच आणून ठेवला होता. ढालेवाडी स्टेशन. कौलारू छप्पर, पाण्याची टाकी, चिंचेचं झाड, आणि फलाटाला लागलेली अरुंद रुळांवरची गाडी. खरी गाडी केव्हाच बंद पडली होती. रूळही उखडून नेले होते.

छोट्या आगगाड्या करणं हाच हेरंबचा पोटापाण्याचा धंदा. पुण्यात कारखाना होता, नाव होतं. संग्रहालयवाले, हौशी श्रीमंत, सगळे त्याला शोधत यायचे. लाकडातून चाक कसं काढायचं, ते मात्र तो याच पडवीत शिकला होता. तेव्हा इथं लाकूड जोडायच्या सरसाचा वास भरून असायचा आणि संध्याकाळ झाल्याचं कुणाला कळायचं नाही.

"हे पोचवलं की कारखाना बंद करणार आहे," तो म्हणाला. "हात चालतात, मास्तर. आत काही हलत नाही."

"कुणासाठी केलंस हे?"

"एका हॉटेलवाल्यासाठी. उद्या उद्घाटन आहे त्याचं."

"ढालेवाडी तुझंच गाव ना?"

"हो. त्यानं जुन्या फोटोंतून निवडलं. योगायोग." हेरंबचा आवाज जरा चढला. "एक कौल इकडचं तिकडं नाही. तपासून बघा."

मास्तरांनी तपासलं नाही.

"फलाटावर माणसं का नाहीत?"

"गिऱ्हाइकाला नको होती. नजर गाडीवरून हटते म्हणे."

"आणि तुला?"

हेरंबनं बाहेरच्या टेंपोकडं पाहिलं. मास्तर उठले. हात हेरंबच्या खांद्यावर ठेवला आणि हळूच दाबला.

"बस."

"कुठं?"

"खाली. जमिनीवर."

बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. पन्नाशी उलटलेला, नावाजलेला माणूस असा फरशीवर बसवला जातोय, याचा हेरंबला रागच आला. पण मास्तरांचा हात खांद्यावरून हलेना. तो बसला. टेबलाची कड त्याच्या डोळ्यांसमोर आली.

"काय दिसतं?"

"चाकं... डब्याची पायरी."

"छप्पर?"

"इथून नाही दिसत."

"आणखी?"

हेरंब बघत राहिला. डबा उंच झाला होता. खिडकी पार वर गेली होती. एकेकाळी त्यानं ती खिडकी अशीच मान वर करून पाहिली होती.

"यमुआत्या," तो म्हणाला.

मास्तर पुन्हा खुर्चीत टेकले.

"आई गेल्यावर तिनंच सांभाळलं मला. मग तिच्या सासरच्यांनी तिला परत बोलावून घेतलं. मी फलाटावर उभा होतो. तिनं खिडकीतून हात खाली केला, पण माझा पोचेना. 'दिवाळीला येते रे,' म्हणाली..."

"आली?"

"दिवाळीच्या आधीच तापानं गेली. मला कुणी सांगितलं नाही. मी रोज गाडी बघायला जायचो. शेवटचा माणूस उतरून जाईपर्यंत थांबायचो. गार्डदादा म्हणायचे, घरी जा आता, बाळ."

मास्तरांनी कोपऱ्यातला पत्र्याचा डबा त्याच्यापुढं सरकवला. त्यात सागवानाचे बारके तुकडे होते आणि कोरायची सुरी.

हेरंबनं एक तुकडा उचलला. फरशीवर बसूनच कोरायला लागला. आधी पदर निघाला, मग काखेतलं गाठोडं. मान किंचित मागं वळलेली निघाली. तशी ती वळेल हे त्यानं ठरवलं नव्हतं.

मास्तरांच्या सूनबाईंनी चहा आणून ठेवला. तो तसाच निवला. टेंपोवाला दारापर्यंत येऊन डोकावला आणि पायरीवर बसून राहिला. ऊन पडवीतून सरकत अंगणात उतरलं.

केव्हातरी हेरंबनं मान वर केली. कपड्यांवर भुसा पडला होता. डोळे ओले होते आणि त्याला ते पुसायचंही सुचलं नव्हतं. तळहातावर करंगळीच्या पेराएवढी यमुआत्या उभी होती.

त्यानं तिला फलाटावर ठेवलं. बघितलं. उचललं. डब्याच्या खिडकीशी नेलं. तिथूनही मागं घेतलं.

"मास्तर..."

"काय?"

"हिला कुठं ठेवू? फलाटावर उतरलेली, की गाडीत बसून निघालेली? उशीर होतोय."

याकूबमास्तरांनी गार चहाचा घोट घेतला.

"गाडी उभी आहे तोवर घाई कसली?"